शिळ्या ब्रेडचे तुकडे

सूपमध्ये घालायला कालच्या ब्रेडचे चौकोनी तुकडे मी बारीक गॅसवर तुपात परततेय. जरा नजर हटली की ते करपतात, आणि आधी करून ठेवले तर मऊ पडतात. म्हणून सगळे सूप घेऊन बसले की मी कढईपाशी उभी.

“अगं, तूही ये ना बसायला,” हे बाहेरून म्हणतात. अगदी मनापासून. आणि लगेच, “येताना ते तुकडे आण, गरम गरम.”

आमच्या स्वयंपाकघराला दारसुद्धा नाही, नुसती चौकट आहे. मला कोंडलंय असं कोण म्हणेल? पण इतक्या वर्षांत गरम सूप काही माझ्या वाट्याला आलेलं नाही.

आज चिडून एक तुकडा उभ्याउभ्याच तोंडात टाकला. कुर्रकन वाजला.

“झाले वाटतं!” बाहेरून सासूबाई म्हणाल्या.