सावद्याचं गिऱ्हाईक

हसायचं असेल तर आधी हातातली कपबशी खाली ठेवा. मागच्या खेपेला हे सांगत होतो तेव्हा एका स्नेह्याच्या धोतरावर गरम चहा सांडला, आणि बोलणी मी खाल्ली! म्हणजे फजितीही माझी आणि बोलणीही मलाच.

तर झालं असं. जळगावात कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत मी कारकून होतो. बरी नोकरी होती. पण मला एका जागी बसवत नाही हो! मांडी घातली की पाय हलतो, पाय धरला की बोटं टेबलावर ताशा वाजवतात. साहेब वैतागला, मीही वैतागलो, आणि एक दिवस राजीनामा दिला. मग धंदा कोणता धरला? विम्याची एजन्सी! म्हणजे घरी एका जागी बसून गिऱ्हाइकाची वाट बघायची. आता बोला!

आमचं घर मेहरूणच्या रस्त्याला, तीन खोल्यांचं. घरात आई, बायको आणि लग्नाची बहीण शांता. वडील जाऊन चार वर्षं झालेली. शांतासाठी दोन स्थळं येऊन गेली होती, दोन्ही फिसकटली. पोर गुणी, पण पाठीशी बाप नाही आणि भावाने चांगली नोकरी सोडलेली! आईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आणि मी? मी कचेरी थाटत होतो.

पुढची खोली ताब्यात घेतली. टेबल खिडकीपाशी लावलं तर ऊन थेट टाळक्यात. दारापाशी लावलं तर रस्त्यावरची शेळी आत मान घालून माझे छापील कागद खाऊ लागली. भिंतीपाशी नेलं तर भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. आई दाण्याची चटणी कुटायची आणि इकडे माझी दौत नाचायची. आठ दिवसांत टेबल पाच वेळा फिरलं. बायको म्हणाली, "एकदाची चाकंच लावून घ्या ना त्याला!"

मग मी कायदा केला. दहा ते पाच कचेरीत कुणी यायचं नाही. हाक मारायची नाही. फारच निकड असेल तर चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवायची.

बायको चौथी शिकलेली. तिने चिठ्ठ्यांचा पाऊस पाडला. मीही साहेबासारखा प्रत्येक चिठ्ठीवर 'मंजूर' लिहून सही ठोकायचो आणि परत सरकवायचो. वाचायचो का? अहो, वाचणार कधी? कान सगळे रस्त्याकडे! पावलं वाजली की मी उठून दारात, पावलं पुढे गेली की परत खुर्चीत. दिवसातून पन्नासदा ऊठबस. पंधरा दिवसांत दारात आलं कोण? एक शेळी आणि एक कल्हईवाला.

शेवटी मी सावद्याच्या केळीवाल्या बागायतदारांना चाळीस पत्रं धाडली. 'आपल्या कुटुंबाच्या भवितव्याविषयी समक्ष बोलण्यास अवश्य यावे.' झकास मजकूर होता!

आणि एका मंगळवारी सकाळी दाराशी टांगा थांबला. पांढरं स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा असे एक वयस्कर गृहस्थ उतरले. मागोमाग एक धट्टाकट्टा तरुण, खांद्यावर केळ्यांचा अख्खा घड घेऊन.

"भास्करभाऊ तुमीच ना? आमी सावद्याहून आलो. मले नाना म्हनतात. तुमचं पत्र भेटलं, म्हनूनशान आलो."

पत्र भेटलं! मला तर नानांच्या पाया पडावंसं वाटलं. आणि गिऱ्हाईक असूनही येताना केळी घेऊन आलेत! मी आतलं दार घट्ट लावलं, खुर्च्या पुसल्या.

"बसा नाना! पाहायचं कुणाचं? तुमचं, की चिरंजीवांचं?"

नाना खो खो हसले. "माझं आता काय पाहता? माझं झालं चाळीस वर्सांमांगं, फैजपुरात!"

फैजपुरात चाळीस वर्षांपूर्वी विमा कंपनी होती? मला पत्ताच नव्हता! पण अडाणी दिसायला नको, म्हणून मी मान डोलावली आणि अर्ज पुढे ओढला.

"बरं, चिरंजीवांचं नाव?"

"विठ्ठल. वय तेवीस. बागेचं समदं तोच पाहतो."

"आजोबा कशानं गेले?"

नाना जरा थबकले. "आजोबा? ते… जेवले, पान खाल्लं, कलंडले आन् गेले."

"आणि आजी?"

"पलेगात."

"घराण्यात क्षय? दमा? कुणाला वेड लागलेलं?"

नाना मुलाच्या कानाशी वाकून म्हणाले, "शहरातले लोक हायेत बाबा. असंच खोदून पाहतात." मला ते ऐकू आलं आणि मी सुखावलो. आपल्या कामाची कुणी कदर करतंय!

तेवढ्यात दाराखालून चिठ्ठी आली. मी तिच्यावर पाय ठेवला. लगेच दुसरी आली. तिच्यावर दुसरा पाय. आता मला पायही हलवता येईनात, आणि गिऱ्हाईक हातचं जाईल या धास्तीने जिभेला मात्र विसावा नव्हता.

"दारू? गांजा?"

"नही!" विठ्ठल पहिल्यांदाच बोलला. कानापर्यंत लाल झाला होता.

"उत्तम. आता सदरा काढा."

खरं तर ही तपासणी कंपनीच्या डॉक्टरची. पण गिऱ्हाईक डॉक्टरकडे पाठवायचं आणि वाटेत कुणी दुसऱ्या एजंटाने पळवलं तर? चिठ्ठ्या तिथेच सोडून मी उठलो, बायकोची शिवणाची पट्टी घेतली आणि विठ्ठलाच्या छातीला गुंडाळली.

"श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या. छत्तीस! वा! आता तोंड उघडा. दात… तीस, एकतीस, बत्तीस! शाब्बास! आता वीस उठाबशा काढा, म्हणजे काळीज कसं चालतं ते बघू."

नाना खुर्चीतून अर्धे उठले. "भाऊ, उठाबशा काहाले?"

"अहो नाना, जन्माचा प्रश्न आहे!"

"ते बी खरं," असं म्हणून नाना पुन्हा बसले. पोरगा मुकाट्याने उठाबशा काढू लागला. मी नाडी धरायला त्याच्याबरोबर खाली-वर होत होतो आणि त्याच दमात बोलत होतो.

"आता फायदा ऐका, नाना. समजा, विठ्ठलराव उद्या मेले…"

"काय?"

"उद्याच असं नाही. परवा म्हणा. केळीच्या बागेत साप चावला, खलास! तुम्हाला तिथल्या तिथे दोन हजार रोख! म्हातारे होऊन मेले तर मजा नाही. लवकर गेले तर मात्र फायदाच फायदा!"

नाना ताडकन उठले. फेटा सुटून खांद्यावर आला. "अरे, तू मानूस हायेस का कोन? बहिनीचं लगीन जमवू राह्यला का माह्या पोराचं मयत काढू राह्यला? ऊठ रे विठ्ठल! घाल तो सदरा!"

बहिणीचं लग्न?

त्याच क्षणी आतलं दार उघडलं. कायदा मोडून आई दारात उभी. तिच्यामागे पोह्यांच्या बशा घेतलेली, नऊवारी नेसलेली, फुलं माळलेली शांता. आणि समोर? उघडा नवरदेव, निम्म्या उठाबशीत!

शांताने पाहिलं आणि तिला हसू आवरेना. ताटातल्या बशा खडखडू लागल्या.

"काय केलंस रे हे?" आई कपाळावर हात मारत म्हणाली. "सावद्याला स्थळासाठी पत्र टाकू का, म्हणून सुनेकडून तुला चिठ्ठी दिली. मंगळवारी पाहायला येताहेत, म्हणून चिठ्ठी दिली. दोन्हींवर मंजूर लिहिलंस!"

मी जमिनीवर पडलेल्या चिठ्ठ्या उचलल्या. एकीवर होतं, 'पाहुणे आले, पोहे आणू का?' दुसरीवर, 'त्यांना वेडाबिडाचं काय विचारता?'

नाना उंबऱ्यापर्यंत पोचले होते. मी धावत जाऊन त्यांच्यापुढे हात जोडले. "नाना, मला विम्याचं गिऱ्हाईक वाटलं हो! मारा मला, पण माझ्या बहिणीवर राग धरू नका. हे तिसरं स्थळ आहे. माझ्या गाढवपणापायी तिचं…" खरं सांगतो, त्या घटकेला मला हसू येत नव्हतं. आई भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती माझी.

नाना थांबले नाहीत. पण पोरगा थांबला. सदऱ्याची गुंडी लावत म्हणाला, "नाना, जरा बसा."

"आता काहाले?"

"आजवर तीन घरी गेलो. समद्यांनी इचारलं, बाग किती, विहीर किती खोल, पानी कुठवर. माझं कोनी काही इचारलंच नही. ह्या भाऊंनी मले तपासून तरी घेतलं."

नानांनी पोराकडे पाहिलं. मग शांताकडे. ती अजून पदर तोंडाशी धरून उभी होती. नानांच्या मिश्या हलू लागल्या.

"पोरी, तुले काही इचारायचं हाये का याले?"

शांता खाली मान घालून म्हणाली, "भाऊनं सगळंच विचारलं. दात बत्तीस आहेत, तेवढं दारामागून ऐकलं."

यावर विठ्ठलच आधी हसला. मग नाना. मग आईसुद्धा डोळे पुसत हसायला लागली. नाना परत येऊन बसले, पोहे मागितले, दोनदा मागितले. दुसऱ्या बशीत बोलणी झाली, आणि तिसऱ्या कपात सुपारी फुटली!

आता मी सुटलो असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं. जीव भांड्यात पडला आणि मी लगेच पुन्हा तरतरीत झालो. सोयरीक जमलीच आहे, तर घरच्या जावयाचा विमा का सोडायचा? अर्ज हळूच पुढे सरकवला. "नाना, सगळं भरून झालंय. तुमची फक्त सही."

नानांनी टाक हातात घेतला. शाईत बुडवला. आणि मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, "येवढा चांगला धंदा हाये, तर भाऊ, तुमी सोताचा विमा किती हजाराचा उतरवला?"

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. बायकोसुद्धा.

मी टेबलावरची बोटं थांबवली.

"नाही उतरवला," मी म्हणालो. "कंपनीच्या डॉक्टरनं मला नापास केलं."