गोंदिया ते झारसुगुडा, एक तास

लहानू रामटेके जन्मभर कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या बेल्टवर राबला. पाळीवरच्या माणसाला घरून बोलावणं धाडायचं नाही, ही तिथली रीत. बारसं असो की ताप, पाळी सुटल्यावरच निरोप. लहानू निवृत्त होऊन गोंदिया जिल्ह्यातल्या आपल्या गावी राहायला आला, पण ही रीत काही त्याच्या हाडातून निघाली नाही.

मुलगा अश्विन ओडिशात, झारसुगुड्याच्या कारखान्यात इंजिनियर. एवढ्या लांबच्या मुलखाचा लहानूला घोर लागायचा. एकदा त्यानं मोबाईलला विचारलं. मोबाईल म्हणाला, गोंदिया ते झारसुगुडा विमानतळ सुमारे चारशे किलोमीटर, विमानाला एक तास. गोंदियाच्या बिरसी विमानतळाजवळ लहानूची सासुरवाडी. तिथून विमान उडताना त्यानं स्वतः पाहिलेलं. झालं, गडी हवेत. "पोरगं माहं एका घंट्यावर हाय," असं तो पानठेल्यावर सांगत सुटला. ऐकणारे माना डोलवायचे. बापाचा असला आनंद कोण मोडणार?

मे महिन्यात बायको मीराबाईचं हृदय थकलं. संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या.

शेजारच्या रंभाबाईनं विचारलं, "अश्विनले फोन केला का गा?"

"त्याच्या कारखान्यात दुरुस्ती चालू हाय, रात्रपाळीवर असन. सकाळी सांगतो. विमानानं घंटाभर, मंग गोंदियाहून टॅक्सी. दुपारच्या आत येते."

मीराबाई मधूनच डोळे उघडायची. "अश्विन आला का जी?"

"येऊन राह्यला वं."

हे म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही. त्याच्या लेखी ते खोटं नव्हतंच.

सकाळी फोन लावला. सगळं ऐकून अश्विन म्हणाला, "बाबा, इथून गोंदियाले विमानच नाही."

"मोबाईलवर एक घंटा लिहून हाय ना."

"ते नुसतं अंतर मोजून सांगते. विमान गेलं तर तेवढा वेळ लागन, म्हणून. जात कोणतंच नाही." मग घाईनं म्हणाला, "मी स्टेशनवर निघतो. भेटन ती गाडी धरतो."

मीराबाई दुपारी गेली. जाईपर्यंत तिची नजर दाराकडे होती, आणि लहानूला त्या दाराकडे बघवत नव्हतं.

गाडी रखडत रखडत आली. अश्विन घरी पोचला तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. पांढऱ्या वस्त्रातल्या आईच्या पायांशी तो बराच वेळ बसला. मग त्यानं विचारलं, "डॉक्टर कधी बोलले, बाबा?"

लहानूला 'काल सकाळी' म्हणता आलं असतं. रंभाबाईही गप्प राहिली असती.

"परवा संध्याकाळी," तो म्हणाला.

"तवाच सांगतलं असतं तर रात्रीच्या गाडीनं मी सकाळी इथं असतो."

"तुही पाळी होती गा."

"पाळी नव्हती, बाबा. परवा सुट्टी होती माही. मी रात्रभर खोलीवरच होतो."

लहानूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बायकोच्या अंगावरचं कापड उगाच सारखं केलं.