टॅपस्कॉटचा शेपटीचा कोट

विल्फ्रेड टॅपस्कॉट लंडनच्या सोहो भागातल्या एका तळघरात मांडी घालून त्रेपन्न वर्षं कोट शिवत होता. संध्याकाळी घालायच्या कोटात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण असा कोट घालून कुठे जायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तेच होतं.

बायको लवकर गेली. मुलगी एनिड त्याने एकट्याने वाढवली, जादा काम करून तिला चेलो, म्हणजे बसून वाजवायचं ते मोठं व्हायोलिन, घेऊन दिला. ती मोठ्या वाद्यवृंदात वाजवू लागली आणि दर वर्षी बापाला पुढच्या रांगेचं तिकीट पाठवू लागली. अकरा वर्षांत बाप एकदाही गेला नाही. कधी हातातलं काम, कधी गुडघा, कधी धुकं. एकोणीसशे सदुसष्ट सालच्या शरदात तिकिटासोबत चिठ्ठी आली. ‘या वेळी मी एकटी पुढे बसून वाजवणार आहे. आला नाहीत तर पुन्हा बोलावणार नाही.’

टॅपस्कॉटने चिठ्ठी दोनदा वाचली. पुढच्या रांगेत घालून बसायचं काय?

विशीत असताना एका गिऱ्हाइकाचा कोट पोचवायला तो असल्याच सभागृहात गेला होता. दाराच्या फटीतून पाहिलं तर पुढच्या रांगेतले झाडून सगळे पुरुष मागे दोन लांब शेपट्या असलेल्या कोटात, पांढऱ्या वास्कटात, गळ्यात पांढरा बो बांधून. ते चित्र डोक्यात बसलं ते बसलंच. आखूड काळा कोट तेव्हा घरच्या घरी, चार मित्रांत जेवताना घालायचा. बायकांसमोर तो घालणाऱ्याला लोक नावं ठेवत. मग बडे लोक तोच घालून बाहेर जेवायला लागले. दुसऱ्या महायुद्धात कापड मोजून मिळायला लागलं आणि शेपट्या पार गेल्या. आता तर पोरं जांभळ्या मखमलीचा कोट आणि झालरीचा शर्ट शिवून नेत होती. टॅपस्कॉटने स्वतःसाठी एकदा आखूड कोट शिवायला घेतला होता, पण निम्म्यात शंका आली आणि तो तसाच पडून राहिला. गिऱ्हाइकाला काय शोभेल हे डोळे मिटून सांगणारा हा माणूस स्वतःपाशी आला की चक्रावून जायचा.

शेवटी त्याने कापड बेतणाऱ्या गिल्फॉइलला विचारलं. गिल्फॉइल म्हणाला, “विल्फ, काहीही घाल रे. हल्ली कोण बघतंय?”

पन्नास वर्षं जे बघण्यावर आपलं पोट भरलं, ते कोणी बघतच नाही म्हणजे काय? टॅपस्कॉटला राग आला. चुकायचंच तर वरच्या बाजूला चुकावं, असं ठरवून त्याने दोन महिने खपून शेपटीचा कोट शिवला.

त्या संध्याकाळी तो सभागृहात शिरला आणि थबकला. पुढच्या रांगेत स्वेटर होते. एकाच्या कोपराला भोक होतं. आपण भलत्याच ठिकाणी आलो की काय म्हणून तो तिकीट उलटसुलट करत होता, तेवढ्यात त्याचा कोट पाहून दारावरचा माणूस लगबगीने आला. वाजवणाऱ्यांनी मागच्या दाराने जायचं, घंटा कधीच झाली, म्हणून त्याने म्हाताऱ्याला जिन्याकडे पिटाळलं. गणवेशातल्या माणसाशी टॅपस्कॉट जन्मात वाद घालत नसे. तो निमूट गेला.

मंचामागच्या बोळात वाजवणारे सगळे शेपटीच्या कोटात. त्याला हायसं वाटलं. पण खांदे पाहिले तर एकाचाही कोट धड बसलेला नव्हता, तयार कपड्यांच्या दुकानातला माल. म्हणजे ऐकणारे स्वेटरात आणि वाजवणारे साहेबांच्या कपड्यात? त्याला काही उमजेना.

समोर चेलो धरून एनिड उभी होती.

“बाबा? तुम्ही काय वाजवणार आहात?”

“मला इकडे पाठवलं. तुझं तिकीट आहे माझ्याकडे.”

तिने कोट वरपासून खालपर्यंत पाहिला. “हा कुणाचा?”

“माझा. आत्ताच शिवला.” मग मान खाली घालून तो म्हणाला, “इतकी वर्षं नव्हता ना. पुढच्या रांगेत तुझा बाप कशात बसणार होता?”

“मला वाटायचं, माझं वाजवणं तुम्हाला आवडत नाही,” ती म्हणाली. “सदऱ्यावर आला असतात तरी चाललं असतं, बाबा.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

तिला बोलावणं आलं. तिने घाईघाईत त्याच्या गळ्यातला बो सरळ केला आणि एका माणसाबरोबर त्याला त्याच्या जागेवर धाडलं. आजूबाजूचे वळून पाहत होते. अकरा वर्षं एका कोटापायी घालवली, या विचाराने त्याला भडभडून येत होतं. एनिड वाजवत होती आणि त्यातलं त्याला काही कळत नव्हतं, फक्त ते थांबू नये असं वाटत होतं.

ते थांबलं. टॅपस्कॉट उठला आणि दोन्ही हातांनी जोरजोरात टाळ्या वाजवू लागला. सभागृहात दुसऱ्या कुणीच टाळी वाजवली नाही. एकाच रचनेच्या तुकड्यांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, आणि अजून दोन तुकडे बाकी होते. शेजारचा स्वेटरवाला दातओठ खाऊन शुक् करत होता. टॅपस्कॉटचे हात हवेतच राहिले. बसावं की उभं राहावं त्याला कळेना.

एनिडने मान वर केली. मग चेलो धरून ती उठली आणि कार्यक्रमाच्या शेवटी करतात तसं पुरतं वाकून तिने त्याला अभिवादन केलं.