झटका, पसारा आणि शोभाताई

शोभाताईंच्या नेट कॅफेत नवा माणूस गेम खेळायला आला, की ताई त्याला आधी भिंतीसमोर उभं करायच्या. गेममधल्या कोऱ्या भिंतीसमोर. "बटण दाबून धर. बंदूक रिकामी होईस्तवर सोडू नको," एवढंच सांगायच्या. मग पदर खोचून पुढं व्हायच्या आणि डॉक्टर जीभ बघतो तशी भिंतीवरची भोकं बघायच्या. निदान तयारच असे. याचं मनगट ताठ आहे, तो घायकुता आहे, हा माऊसला गळफास लावतो. रागावायची सोय नव्हती, कारण निदान बहुतेक खरं निघायचं.

कॅफे बजाजनगरात. ताई मूळच्या पिशोरच्या, यजमान वाळूजच्या एका कंपनीत शिफ्टला. ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला म्हणून त्यांनी जुने कॉम्प्युटर मांडले आणि आम्ही तिथल्या कंपन्यांतल्या अप्रेंटिस मंडळींनी त्यांवर गोळीबाराचा गेम चढवला. ताई आधी चिडल्या, मग मागं उभ्या राहून बघू लागल्या आणि बघता बघता आमच्या मास्तरीण झाल्या. स्वतः मात्र समोर शत्रू आला की डोळे गच्च मिटून घ्यायच्या. त्यांचा सगळा दरारा भिंतीपुरता.

त्यांचं शास्त्र दोन शब्दांचं होतं, झटका आणि पसारा. बटण दाबून ठेवलं की बंदूक वर उसळते, मग एका बाजूला झुकते, मग दुसऱ्या. हा झटका. तो दर वेळी जवळपास त्याच वाटेनं जातो, म्हणून माऊस उलट्या वाटेनं, खाली ओढत नेला की गोळ्या एका जागी बसतात. पसारा वेगळा. नेम अगदी बरोबर धरला तरी गोळी त्याच्या आसपास कुठंही जाते, आणि पळता पळता मारली तर फारच लांब. "झटक्याला वळण हाय, त्याच्यासाठी हात शिकवता येतो," ताई म्हणायच्या. "पसाऱ्याला वळणच नाय. तिथं थांबायचं, खाली बसायचं, दोन-दोन गोळ्या मारायच्या. पळत्या माणसाचं काय खरं हाय?" कुणी नोकरी सोडून पुण्याला निघाला, तरी त्याला हेच ऐकवायच्या.

ती दुष्काळाची वर्षं. टँकरचं पाणी प्यायला पुरत नव्हतं, तिथं कूलरमध्ये कुठून ओतणार? शहर मात्र वाढतच होतं. तिकडं एक झकपक गेमिंग पार्लर उघडलं, एसी आणि फिरत्या खुर्च्यांचं, आणि आमच्यातले एकेक जण घाम पुसत तिकडं सरकू लागले. कॅफे चालायचा तो खेळणाऱ्यांवर. ताई थेट पार्लरच्या मालकाला भेटल्या आणि सामना ठरवून आल्या. आम्ही जिंकलो तर पार्लरच्या स्पर्धा वर्षभर ताईंकडं. हरलो तर आम्ही यापुढं खेळणार ते पार्लरमध्येच. आम्हाला विचारायची पद्धत नव्हती.

रविवारी सिटी बसनं गेलो. ताईंच्या मांडीवर पोळ्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. खेळ सुरू झाला आणि आमच्या सगळ्या गोळ्या समोरच्यांच्या पायाशी जाऊ लागल्या. आमचे हात ताईंच्या जड, अडकत चालणाऱ्या माऊसवर तयार झालेले, इथले माऊस साबणासारखे सरकत होते. सवयीनं खाली ओढलं की नेम थेट जमिनीत.

"अरं, पेरणी करायलात का?" ताई मागून म्हणाल्या. पार्लर हसलं, आम्हीही हसलो.

मग त्यांनी सामना थांबवायला लावला. "मॅडम, मॅच के बीच में?" मालक म्हणाला. ताईंनी ऐकलंच नाही. आम्हाला एकेक करून भिंतीवर गोळ्या झाडायला लावल्या, हात हलका होईपर्यंत. त्यानंतर आम्ही बरोबरीपर्यंत आलो. शेवटच्या डावात त्यांचा एक उरला आणि आमच्यातला मी.

तो अंदाधुंद गोळ्या उडवत पळत आला. मी शिकवल्याप्रमाणे थांबलो, खाली बसलो, दोन गोळ्या मारल्या. दोन्ही त्याच्या कानाजवळून गेल्या. त्याची एक, कशी कोण जाणे, माझ्या कपाळात बसली.

मला मान वर करवेना. ताईंनी मिटलेले डोळे उघडले, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पसारा हाय बाबा. कधी पळत्याचीबी लागती." मग डबा उघडून जिंकलेल्यांना आधी वाढलं. ताईंचं काय गेलं ते मला कळत होतं.

सोमवारी शिफ्ट सुटल्यावर पाय आपोआप कॅफेकडं वळले. ताईंनी गेम लावून दिला नाही. शब्द म्हणजे शब्द. आम्ही तोंडं पाडून परत फिरलो, तशी त्यांनी हाक मारली, बाकं बाहेर काढली आणि चहा ठेवला.

"खेळायचं तिकडं, असं ठरलंय," त्या म्हणाल्या. "बसायचं कुठं, ते कुठं ठरलंय?"

पार्लरमध्ये आम्ही फार तर दोनदा गेलो असू. खेळ हळूहळू सुटला. ताई फॉर्म भरून देत राहिल्या, आणि यजमानांबरोबर पिशोरला परत जाईपर्यंत त्यांच्याकडचा संध्याकाळचा अर्धा कप चहा आमच्यातल्या कुणी चुकवला नाही.