मागच्या रांगेतला तंबोरा

मी नागपूरला निघाले ती रागातच. राग नागपूरवर नव्हता, दादावर होता. हा माझा थोरला भाऊ सांगलीत पिठाची गिरणी चालवतो आणि घरातली नकोशी कामं माझ्या गळ्यात मारतो. त्याची मुलगी कुमुद सतार शिकायला नागपूरला विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयात गेलेली. इकडे तिच्यासाठी इस्लामपूरचं एक स्थळ चालून आलं होतं. दादा म्हणाला, "एकदा डोळ्यांनी बघून ये. पोरगी तिथं पुढं येत असेल तर राहू दे. मागं कुठं कोपऱ्यात बसवली असेल, तर सामानासकट घेऊन ये."

हे बोलतानाही त्याचे कान गिरणीकडे होते. दगडांचा आवाज जरा बदलला की दारात दळणाची कितीही रांग असो, दादा पट्टा उतरवतो, गिरणी बंद करतो आणि मगच काय बिघडलंय ते बघतो. लोक बडबडतात, पण दळण दुसरीकडे नेत नाहीत.

मी शाळेत भूगोल शिकवते. 'उष्ण व कोरडे हवामान, संत्र्यांसाठी प्रसिद्ध' एवढं नागपूर मी कित्येक वर्षं पोरांकडून घोकून घेत आले, पण स्वतः कधी मनमाडच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून हातावेगळे केले, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि मिरजेला गाडीत बसले. भुसावळ येईपर्यंत इंजिनाच्या काजळीनं माझं पांढरं पातळ राखाडी झालं होतं.

अकोल्यानंतर खिडकीतून येणारा वारा, वारा राहिला नाही. चुलीपुढं बसल्यासारखं वाटायला लागलं. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली जमीन आणि बांधाबांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं). अकोल्याला चढलेल्या एका बाईंनी माझ्याकडे बराच वेळ काळजीनं पाहिलं आणि म्हणाल्या, "काहून वं बाई, कान उघडे टाकून बसल्या? ऊन लागन न." मी काही बोलायच्या आत त्यांनी माझाच पदर माझ्या कानांवरून घट्ट आवळून दिला, स्वतःच्या सुरईतलं पाणी पाजलं आणि वर्ध्याला उतरून गेल्या. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

नागपूर स्टेशनवर कुमुद आली होती, तिचेही कान बांधलेले. हसली तेव्हा ओळखू आली. पोरगी वाळली होती आणि काळवंडली होती, पण चालण्यात ऐट होती. सायकलरिक्षात बसताना तिनं रिक्षावाल्याला "आरामात चला जी, आत्याले सवय नाही," असं अस्सल नागपुरी ऐकवलं, तेव्हा मी तिच्याकडे बघतच राहिले.

वसतिगृहाच्या वाटेवर तिनं मला पोहे खायला घातले. हे पोहे म्हणजे आपले नव्हेत. वर तर्री ओततात (हरभऱ्याचा तिखटजाळ रस्सा). पोह्यांवर कुणी आमटी ओततं का, असं मी गाडीवाल्याला चारचौघांत सुनावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि आणखी एक पळी ओतली. पहिल्या घासाला ठसका लागला, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं. मग मी दुसरी बशी मागितली. कुमुद काही बोलली नाही, हे तिचे उपकारच.

दुपारी ती मला तालमीला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विद्यापीठाचा समारंभ होता आणि त्यात विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद वाजणार होता. एक लांबलचक दालन, खिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या, त्यांवर कुणीतरी पाणी मारलेलं. आत गारवा, ओल्या वाळ्याचा वास आणि वाद्यं लावण्याचा कलकलाट. पुढं सतारींची रांग, मग व्हायोलिनं, दिलरुबे, एका मुलीपुढं जलतरंगाचे चिनी वाडगे, बाजूला तबले. सगळ्यांत उंच आवाज विलास मेश्राम नावाच्या मुलाच्या क्लॅरिनेटचा. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात, वाद्य त्यांचंच, असं त्यानं मला अभिमानानं सांगितलं. कुठं काटोलच्या संत्रीवाल्याचा पोरगा, कुठं उमरेडच्या विणकराची पोर. माझ्या शाळेच्या एका वर्गात मावणार नाहीत एवढी ती मुलं, आणि सगळी एकाच इशाऱ्याची वाट बघत होती. मला फार बरं वाटलं.

मग मी सतारींच्या रांगेत कुमुदला शोधू लागले. ती तिथं नव्हती. ती अगदी मागं, भिंतीला लागून, तंबोरा घेऊन बसली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगलीत गणेशोत्सवात एकटीनं सतार वाजवून बक्षीस आणलेली मुलगी, तिला एवढ्या लांब पाठवलं ते चार तारा छेडायला? दादा म्हणाला होता तेच खरं झालं होतं. तालीम सुरू झाली तरी माझं लक्ष लागेना.

मधेच तंबोरा थांबला. कुमुदनं तारांवर हात ठेवला होता. तिच्याबरोबर सगळं दालन गप्प झालं. वृंद बसवणारे देवघरेसर, चांगले पिकल्या केसांचे गृहस्थ, त्यांचाही हात खाली आला. व्हायोलिनवाल्या एका मुलानं मुकाट्यानं खुंटी पिळली, कुमुदनं मान डोलावली, तंबोरा सुरू झाला आणि मागोमाग सगळे. मला वाटलं, हिची तार तुटली असेल.

चहाच्या वेळी मी विलासला गाठलं आणि आमच्या मुलीला मागं का टाकलंय, असं सरळच विचारलं. तो गडबडला. "मागं टाकलं नाही जी," तो म्हणाला. "सा ज्याच्या हाती, थांबवाची सत्ता त्याची. आमच्यात असंच हाये. सर बी थांबतात." दरवर्षी वृंदातल्या ज्याचा कान सगळ्यांत पक्का, त्यानं आपलं वाद्य बाजूला ठेवून तंबोरा घ्यायचा, आणि मागं बसायचं ते सा सगळ्यांच्या पाठीमागून पुढं यावा म्हणून, असं त्यानं समजावलं.

मला ती समजूत काढल्यासारखी वाटली. मी विचारलं, "तालमीत ठीक आहे. भर कार्यक्रमात थांबवता का?"

त्यानं डोकं खाजवलं. "आतापावतर तं कोणी थांबवलं नाही."

तेवढंच मला हवं होतं. संध्याकाळी अंबाझरी तलावाच्या काठी बसलो असताना मी कुमुदला सामान आवरायला सांगितलं. दादाचं बोलणं, इस्लामपूरचं स्थळ, काही लपवलं नाही. तलावावरून जरा बरा वारा येत होता.  ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. कार्यक्रम होऊ दे, मग येते, एवढंच म्हणाली. खोलीवर आल्यावर तिनं खरंच होल्डॉल बांधायला घेतला, आणि पट्टे आवळताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला जेवण गेलं नाही. डब्यात सांभारवडी होती (इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात), आणि ती मला मनापासून आवडते.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत कुलगुरू आणि पाहुणे, मी चौथ्या रांगेत कडेला. भिंतीतले मोठाले कूलर असे घरघरत होते की शेजारचं बोलणं ऐकू येईना. पडदा वर गेला, देवघरेसरांनी कान दिला आणि हातानं खूण करून सगळे कूलर बंद करवले. तंबोरा ऐकू यायला हवा ना! नागपूरच्या एप्रिलात, भरल्या सभागृहात, डोक्यावर दिव्यांचा झोत असताना कूलर बंद करायची चूक फक्त गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांच्याच हातून व्हावी.

सुरुवात सुरेख झाली. मग उकडायला लागलं. लोक कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेऊ लागले. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण स्टेजवर काहीतरी बिनसतंय एवढं मलाही जाणवायला लागलं. नंतर विलासनं सांगितलं ते असं, की उष्णतेनं तारा उतरतात आणि क्लॅरिनेट चढते. निम्म्या सतारी त्याच्यामागं ओढल्या गेल्या होत्या, निम्म्या कुमुदला धरून होत्या. कुणी खोटं वाजवत नव्हतं, आणि तरी सगळं मिळून खोटं होत होतं.

मी कुमुदकडे पाहिलं.  तिनं गप्प राहून वेळ मारून नेली असती, तर पुढच्या रांगेतल्या कुणाला पत्ता लागला नसता. टाळ्याही पडल्या असत्या. आणि हा तिचा शेवटचा कार्यक्रम होता, हे तिला आणि मला दोघींनाच ठाऊक होतं. ती एकदा सरांकडे बघून घेईल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. तिनं तारांवर हात ठेवला.

सगळा वृंद थांबला. सभागृहात अशी शांतता की खुर्चीची करकर ऐकू यावी. मागून कुणीतरी शीळ घातली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. देवघरेसरांनी हात खाली घेतला, श्रोत्यांकडे वळून नमस्कार केला आणि तिथंच स्टेजवर मांडी घालून बसले. कुमुदनं मान तंबोऱ्यावर टेकवून एकेक तार लावली, कसलीच घाई नसल्यासारखी. मग तिच्या सावर सतारी लागल्या, व्हायोलिनं लागली. विलासनं क्लॅरिनेटचा सांधा जरासा बाहेर ओढला. तबल्यावर हातोडी टकटकली. कुणीतरी कूलर लावायला उठलं, त्याला सरांनी हातानंच बसवलं. मग त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

त्यानंतर जे वाजलं त्याचं वर्णन मला जमणार नाही. एवढंच सांगते, की मघाशी मला वेगवेगळी वाद्यं ऐकू येत होती आणि आता एकच ऐकू येत होतं. माझ्या डोळ्यांना पदर लागला, आणि या वेळी तर्री नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी सतारवाल्यांना आणि विलासला गराडा घातला. कुमुदकडे कुणी गेलं नाही. ती मागं बसून तंबोऱ्याला गवसणी घालत होती. देवघरेसर तिच्याजवळ आले, म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ये वं," आणि गेले.

कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघणार होतो.

"येईल ती," मी सरांच्या पाठीकडे बघून म्हणाले. एवढ्या मोठ्यानं, की विलाससुद्धा वळला. खोलीवर जाऊन होल्डॉलचे पट्टे मी माझ्या हातानं सोडले.

परतीला माझ्याबरोबर संत्रा बर्फीचा पुडा होता आणि कान मी आपणहून बांधले होते. अकोला, भुसावळ, मनमाड, सगळी गावं उलट्या क्रमानं आली. दादाला काय सांगायचं, हे मात्र सांगली येईपर्यंत सुचलं नाही. नकाशात कुठलं गाव कुठं आहे ते मी झोपेतही सांगेन, पण मागच्या रांगेतली जागा कशी वाचायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दादा गिरणीतच होता, भुवयांपर्यंत पीठ. माझ्यामागं कुणी नाही हे त्यानं पाहिलं.

"पुढं बसवलीय ना मग?"

"मागं. अगदी भिंतीला."

त्याचा चेहरा उतरला. "काय वाजवलं तिनं?"

"काही नाही. सूर बिघडला, तसा तिनं तंबोऱ्यावर हात ठेवला आणि सगळा वृंद थांबवला. कुलगुरू समोर बसलेले असताना."

 गिरणी चालू होती, दारात बायका डबे घेऊन उभ्या होत्या. त्यानं सवयीनं दगडांकडे कान दिला, मग माझ्याकडे वळला.

"बिघडल्याबरोबर थांबवला?"

"बिघडल्याबरोबर."

"मग राहू दे तिला तिथं," दादा म्हणाला आणि पुढचा डबा उचलून त्यानं दळण ओतलं.