आईला कसलं तिकीट?

स्टेशनवर त्याला सगळे घार म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे; पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. प्लॅटफॉर्मवरून बाहेर पडायच्या दारात तो तिकिटं तपासायला उभा राहिला की फुकट्यांची बोबडी वळे. आत शिरायच्या दाराशी सामान तपासायच्या यंत्रावर एक बाई बसायची. ती म्हणायची, "माझं यंत्र नुसतं पिशवीच्या आतलं बघतं. घार माणसाच्या आतलं बघते."

या घारीचं एक शास्त्र होतं. नव्या भरतीच्या पोरांना तो ते चहा पिता पिता शिकवी. "तिकीट असलेला माणूस आपल्याकडे बघतसुद्धा नाही. कपाळाला आठी घालून तिकीट पुढे करतो आणि चालू पडतो. पण ज्याच्याकडे तिकीट नाही ना, तो लांबूनच हसतो. आपल्याकडे बघून फुकट कोण हसतंय रे? हसला की धरा."

आणि खरंच, हसणारे बहुतेक फुकटेच निघत. मग हा आवाज चढवी. हळू बोलता येत नव्हतं असं नाही, पण आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू गेल्याशिवाय दंडाला चव येत नाही, असं त्याचं मत. कॉलेजातल्या मुली रडत, म्हातारे हात जोडत, हा पाघळत नसे. "नियम म्हणजे नियम. माझा बाप आला तरी सोडणार नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बाप केव्हाच वारला होता, त्यामुळे म्हणायला काही जात नव्हतं.

आई मात्र होती. आठवड्यातून एकदा ती लेकीकडे जाई. लेक दिली होती जवळच, गाडीने थोडाच वेळ. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. तिकीट तिने कधी काढलंच नव्हतं. लेकीच्या त्या लहानशा स्टेशनात कोणी विचारत नसे, आणि इथे दारात पोटचा पोरगा. लांबून तो दिसला की ती हसायची, तो मान जराशी कलती करायचा आणि ती पिशवी सांभाळत बाहेर पडायची. शेजारणीने एकदा विचारलं तर म्हणाली, "आईला कसलं तिकीट? स्टेशन माझ्या पोराचंच आहे." तो आतल्या खोलीत होता. त्याने ते ऐकलं आणि त्याची छाती फुगली. लाज वाटायला हवी होती ती तेव्हा. ती आली फार उशिरा.

एका संध्याकाळी निरोप आला: उद्या मुख्य कचेरीतून तपासणीचं पथक येणार, दारांवर बाहेरची माणसं उभी राहणार, बरोबर मोठे साहेब. जेवताना त्याला वाटलं, आईला सांगून ठेवावं, पुढचे काही दिवस तिकीट काढून जा. पण बायको वाढत होती, पोरं कान टवकारून बसलेली. "काढ" म्हणायचं म्हणजे आजवर काढत नव्हतीस हेही आलं. आई विचारणार, "का रे?" आणि पोरांदेखत काय सांगायचं? तिचा जायचा दिवस अजून लांब आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि गप्प जेवला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि मागून लेकीचा फोन आला. धाकट्याला ताप भरलाय. आईने पिशवी उचलली आणि निघाली.

संध्याकाळी साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून पथकाला सांगत होते, "याच्याकडून शिका. एक माणूस याच्या नजरेतून सुटत नाही." त्याच वेळी गाडी लागली, लोंढा दाराकडे आला आणि त्या लोंढ्यात त्याला आई दिसली. माणसांच्या डोक्यांमधून वाट काढत, त्याच्याकडे बघून हसत.

दारात पथकातली एक मुलगी होती. तिने हात आडवा घातला. "आजी, तिकीट?"

आई अजून हसतच होती. तिने त्याच्याकडे बघितलं. तो चार पावलांवर होता. ही माझी आई, एवढं म्हणायचं होतं. साहेबांनी फार तर भुवई उंचावली असती, चार दिवस चेष्टा झाली असती, दंड त्याने भरून टाकला असता. पण खांद्यावर साहेबांचा हात होता, आणि घारीने नजर खाली वळवली. स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. पुन्हा वर बघितलं तेव्हा आईचं हसू गेलं होतं. तो लहान असताना काहीतरी फोडून दाराआड लपायचा तेव्हाही तिला न विचारताच कळायचं.

"बरोबर कोण आहे, आजी?"

"कोणी नाही गं. एकटीच."

"घरचं कोणी येईल का?"

"नाही."

"बरं, नाव सांगा."

आईने माहेरचं नाव सांगितलं. लग्नाआधीचं, बापाचं आडनाव लावून. पोराच्या आडनावाला बट्टा नको म्हणून तिने ते इतक्या वर्षांनी बाहेर काढलं होतं.

"बघा," साहेब म्हणाले, "चेहऱ्यावरून वाटतं का असं करतील म्हणून?"

"नाही, साहेब," तो म्हणाला. आणि म्हटल्याक्षणी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेकीने 'तुझ्या औषधाला' म्हणून बळेच हातात कोंबलेले पैसे आईने रुमालाच्या गाठीतून सोडले, दंड भरला आणि त्याच्या शेजारून, त्याच्याकडे न बघता, बाहेर गेली. कोणाला संशय येऊ नये म्हणून.

घरी आला तर ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. "आज आईंना उशीर झाला," बायको म्हणाली. "गाडी रखडली गं," आईने उत्तर दिलं. तो दारातच उभा राहिला. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"आई," तो कसाबसा म्हणाला.

"हातपाय धुऊन घे. ताईच्या धाकट्याचा ताप उतरलाय." तिने त्याचा शर्ट घडी करून ढिगावर ठेवला.

पुढे काही दिवस दारात त्याचा आवाज चढला नाही. लोकांना वाटलं, घसा बसलाय.

मग तिचा जायचा दिवस आला. पथक केव्हाच गेलं होतं, दारात तो एकटाच होता. संध्याकाळच्या गर्दीत ती दिसली तशी त्याने नेहमीप्रमाणे मान कलती केली, जरा जास्तच केली. ती तशीच बाहेर जाईल, मग सगळं पहिल्यासारखं होईल, असं त्याला वाटत होतं. पण आई रांगेत उभी होती. पुढची माणसं सरली तशी ती त्याच्यासमोर आली आणि मूठ उघडून तिकीट पुढे केलं. मुठीतल्या घामाने ते मऊ पडलं होतं.

"आई, जा ना," तो पुटपुटला.

"बघ लवकर. मागे लोक खोळंबलेत."

त्याने तिकीट घेतलं, बघितलं, परत दिलं. ती पिशवी सावरत बाहेर पडली. तिच्या कपाळाला बारीकशी आठी होती, आणि ती हसली नाही.