चॅम्पियन भाऊ उठले नाहीत

चॅम्पियन भाऊंची मूठ वळलेली मी रिंगणाबाहेर कधी पाहिली नाही. भांडण पेटलं की ते दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे, आणि समोरचा जास्तच चढायचा. एकदा दापोऱ्याच्या वाटेवर केळीच्या ट्रकवाल्यानं त्यांच्या सायकलला घासून वर शिव्या दिल्या. भाऊ हात मागे बांधून ऐकत राहिले. मी चिडलो. तर म्हणाले, "मूठ पान्यासारखी असते बाबा. काम झालं की पेटीत ठेवायची. रस्त्यात पाना फिरवत कोण हिंडतं?"

बॉक्सिंग ते फौजेत शिकले. परत आले आणि बुऱ्हाणपुरात, जिथे ठोशाला कुणी विचारत नव्हतं, तिथे एकटेच खेळत राहिले. आमच्याकडे मान कुस्तीला. दापोऱ्याच्या त्यांच्या मळ्यात लिंबाला एक पोतं टांगलेलं असायचं, त्यात यंत्रमागावरच्या चिंध्या ठासून भरलेल्या. सकाळी केळीला पाणी सोडलं की भाऊ त्या पोत्याशी भिडायचे. मोजणी हिंदीतून, फौजेसारखी, "एक-दो, एक-दो!" शेजारचे शेतकरी हसायचे. "भाऊ, पोतं काही बोललं का हो?" भाऊ म्हणायचे, "बोलत नाही म्हणून तर आवडतं."

मलाही त्यांनी त्याच कारणासाठी निवडलं. मी आखाड्यातला, लाल मातीतला गडी. बॉक्सिंगचं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी लढतीच्या वेळी त्यांच्या कोपऱ्यात पाणी आणि टॉवेल घेऊन मीच उभा असायचो. एकदा विचारलं, "मलाच का?" म्हणाले, "कोपऱ्यात बोलका माणूस नको. तू गप असतोस." मला तेव्हा ती शाबासकी वाटली होती.

अकरा वर्षं आमच्या भागाचा पट्टा त्यांच्याकडे होता. शेवटच्या लढतीला ते एकोणचाळीसचे, समोरचा पोरगा बावीसचा. दुसऱ्या फेरीत भाऊंची डावी भुवई फुटली. फेरी संपल्यावर ते कोपऱ्यात येऊन स्टूलवर बसले. डोळा रक्तानं झाकला होता. "पाणी दे," एवढंच म्हणाले आणि खाली वाकून चूळ भरू लागले.

आता जे झालं ते सरळ सांगतो. आमच्या आखाड्यात गड्याला लागलं, की वस्ताद दोन्ही हात वर करतो. जोड सोडवतात, कुस्ती बरोबरीत धरतात, दोघांनाही फेटा बांधतात. कुणाची मान खाली जात नाही. मला वाटलं, इथेही तसंच. बरोबरी झाली की पट्टा भाऊंकडेच राहील आणि डोळाही वाचेल. मी पंचाकडे वळलो आणि दोन्ही हात वर केले. भाऊंची पाठ माझ्याकडे होती. त्यांना विचारावं, हे मला सुचलंच नाही.

बॉक्सिंगमध्ये कोपऱ्यातून हात वर झाले की हार मानली असं धरतात, हे मला ठाऊक नव्हतं. पंचानं त्या पोराचा हात वर केला.

आरडाओरडा ऐकून भाऊंनी मान वर केली. पंचाकडे पाहिलं, मग माझे अजून वर असलेले हात पाहिले. पंचानं विचारलं, "किसने बोला?" आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत भाऊ म्हणाले, "मैंने बोला."

मैदानातल्या लोकांना दिसलं ते एवढंच, की चॅम्पियन स्टूलवर बसला आणि उठला नाही.

पुढची नऊ वर्षं शनवारा भागातल्या चहाच्या टपरीवर याच्यावर कीस पडत राहिला. "अकरा साल पट्टा ठेवला, मजाक आहे का?" "ठेवला ना, पण आखिरीला बसला! हरायचं तर खडं राहून हरायचं." "अरे, शेर बुढ्ढा झाला तरी शेरच असतो." "शेर स्टूलवर बसत नाय भाऊ!" मग हशा. मीही तिथेच असायचो, बशीतला चहा फुंकत. एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोललो असतो तर लोक म्हणाले असते, या मातीतल्या गड्यानं साधा नियम माहीत नसताना चॅम्पियनला बुडवला. त्या हसण्याला मी भ्यालो. दुसरं कारण काही नाही. नऊ वर्षं मी दुसरी कारणं शोधली, एकही टिकलं नाही.

एकदा तापीच्या घाटावर धीर करून म्हणालो, "भाऊ, मी सगळ्यांना खरं सांगू का?" ते पाण्यात पाय सोडून बसले होते. म्हणाले, "सांगायचं तर सांग. मला विचारू नको." मी त्यातलं सोयीचं तेवढं घेतलं. भाऊंना विषय नको आहे, असं मनाशी ठरवून टाकलं.

या माघात भाऊ गेले. मळ्यात पाणी सोडताना छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. महिन्याभरात आमच्या वॉर्डात व्यायामशाळा बांधून झाली आणि तिला भाऊंचं नाव द्यावं का, यावर बैठक बसली. एक निवृत्त मास्तर उठले. "माणूस भला होता, मान्य. पण पोरांना आपण काय शिकवणार? स्टूलवरून न उठणं?" माना डोलल्या.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. हात वर केले ते मी. नियम माहीत नव्हता तो मला. भाऊ उठणार होते.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "तो फिर नौ साल तोंडात केळं होतं का?" सभा खदखदून हसली. मास्तर मात्र हसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीनं म्हणाले, "दोस्तासाठी एवढं बोललात, मोठं मन आहे तुमचं. पण नावाचं राहू द्या." मी ओरडलो, शपथ घेतली. जितकं ओरडलो तितकी माझी दोस्ती त्यांना खरी वाटत गेली आणि गोष्ट खोटी. व्यायामशाळेला वॉर्डाचा नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी दापोऱ्याला भाऊंच्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर उडदाची डाळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, लढतीचं, बैठकीचं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं नाही.

"मला ठाऊक होतं भाऊजी," त्या म्हणाल्या. "घरी आले त्याच दिवशी यांनी सांगितलं होतं."

"मग तुम्ही कुठे बोलला का नाहीत?"

"यांनी बजावलं होतं. म्हणाले, ते त्याचं आहे, तोच आणून देईल. आपण मागायला जायचं नाही." सुपातला एक खडा त्यांनी उचलून टाकला. "तुम्ही दर रविवारी यायचे ना, तेव्हा हे मला काही ना काही काम सांगून आत पाठवायचे. त्यांना वाटायचं, माझ्यासमोर तुम्हाला जड जात असेल. एकटे असले की बोलाल."

आणि मी दर रविवारी केळीवरच्या करपा रोगाचं बोलून परत येत होतो.